घोड्यावरचे गोंदाजी

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक घोडेस्वार आहे. हाताच्या पंजाएवढा टाक, म्हणजे पूर्वजाची पत्र्यावर ठोकलेली प्रतिमा, घोड्याचा पुढचा पाय उचललेला, स्वाराच्या हातात तलवार, डोक्यावर पागोटे. घरी पाहुणा आला की माझ्या भाच्याची पोरे तो उचलून दाखवतात आणि सांगतात, हे आमचे गोंदाजी, अडगावच्या लढाईत इंग्रजांशी लढताना रणात पडले. मी तेव्हा माजघरात बसलेली असते आणि तोंड मिटून ठेवते. आता दात गेले, मिटलेले तोंडही नीट मिटत नाही, म्हणून हे लिहायला घेतले. अक्षरओळख मला म्हातारपणी झाली, याच पोरांच्या पाट्या पाहून. ओळी वाकड्या जातील, पण जे लिहीन ते सरळ असेल.

माझ्या लहानपणी वलगावात चरकीचा आवाज दिवसभर थांबत नसे. ओसरीत आई, काकू आणि मजुरणी ओळीने बसत, लाकडी लाटांमध्ये कापूस सारत, आणि करकर करत सरकी अलीकडे आणि रुई पलीकडे पडे. तो आवाज कानात इतका मुरला होता की जेवायला चरक्या थांबल्या की आम्हा पोरींना दचकायला होई. दूर कुठल्या परमुलखात गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा होता, एवढेच आम्हाला ठाऊक. तिकडे कोणाची पोरे मरत होती कोण जाणे, इकडे आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्या घरात सणाला रोडगे आणि वांग्याची भाजी म्हणजे चंगळ, त्या घरात आडवारीही गव्हाच्या पोळ्या होऊ लागल्या, वरून तुपाची धार. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी गड्यांसाठी वेगळी रांधली जाऊ लागली. मला ती भाजी आवडे, पण मी ती लपून खात असे, कारण मोठेबाबांना ते आता कमीपणाचे वाटे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. कालपर्यंत खांद्यावर घोंगडी टाकून बांधावर उभा राहणारा माणूस, गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात जाऊन आला की दर खेपेला थोडा बदलून येई. आधी जरीकाठी उपरणे आले, मग पानदान, मग घसा खाकरून बोलणे. हाती पैसा आला की माणसाला आधी घर लहान वाटू लागते, मग आजोबा. आमचे आजोबा साधे कुणबी होते, त्यांना मोठे करता येण्यासारखे काही नव्हते. पण आजोबांना एक थोरला भाऊ होता, गोंदाजी. तो तरुणपणी भोसल्यांच्या फौजेत गेला, अडगावच्या रानात लढाई झाली तेव्हा तिथे होता आणि तिथून परत आला नाही. मोठेबाबांना हवा तेवढा ऐवज एवढ्यात होता.

अडचण एकच होती. या गोंदाजीची बायको आमच्याच घरात जिवंत होती आणि तिच्या कपाळावर कुंकू होते.

तिला सारे गाव राहीमाय म्हणे. नवरा गेला तेव्हा ती नुकती नांदायला आलेली पोर होती. फौजेतले दोघेतिघे परत आले, ते म्हणाले, गोंदाजी दिसला नाही. मेलेला दिसला का, असे तिने विचारले. तर ते म्हणाले, तसाही दिसला नाही. "मंग मी बांगड्या फोडत नाई," असे ती म्हणाली आणि त्या शब्दावर तिने सारा जन्म काढला. बारा वर्षे माणूस परतला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग बायको विधवा. आमच्यात तेव्हा विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागत असे, आणि आमचे आजोबाच तिच्याशी पाट लावायला तयार होते, दिराशी पाट म्हणजे घरातली बाई घरातच राहते. राहीमायने ना पुतळा करू दिला ना पाट लावून घेतला. आजोबांनी दुसरीकडे लग्न केले, त्यांची पोरे तिने वाढवली, मग आम्हा नातवंडांना वाढवले. अंगाने काटक, जिभेने मिरची. परसातल्या विहिरीवर तिचे भाजीचे वाफे होते, दिवसभर ती तिथेच वाकलेली असे आणि कोणी मदतीला गेले तर हाकलून देई.

हळदीकुंकवाला बायका तिला मुद्दाम नाव घ्यायला लावत. तिला थट्टा कळत होती. तरी ती ताठ उभी राहून घेई, "वाफ्यात पानी सोडलं, पानी झालं गार, गोंदाजीचं नाव घेते, उघडं ठेवा दार." तरण्या पोरी पदरात तोंड खुपसून हसत. पण गावात नवरी आली की पहिले कुंकू तिच्याच हातचे लागे. इतकी वर्षे जिचे कुंकू टिकले तिचा हात लाभतो, असे याच बायका म्हणत.

मोठेबाबांच्या लेकीला, अनसूयेला, पातूरच्या एका देशमुखांकडून मागणी आली. खरे म्हणजे मोठेबाबांनीच माणूस घालून ती मागवली होती. मुलाचे चुलते पाहायला आले, गोरे, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी जेवताना विचारले, "तुमच्या घराण्यात तलवार कुणी धरली होती का?" मोठेबाबांनी छाती फुगवून गोंदाजीचे नाव सांगितले, रणात पडले म्हणाले. तेवढ्यात राहीमाय पाण्याचा तांब्या घेऊन आली. चुलत्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिले, मग मनगटातल्या हिरव्या चुड्याकडे, आणि ती गेल्यावर विचारले, "ह्या कोण?" मोठेबाबांना सांगावे लागले. चुलते हात धुता धुता म्हणाले, "रणात पडलेल्याची बायको सवाष्ण कशी? आपला माणूस मेला की आहे, हे ज्या घराला ठाऊक नाही, त्या घराचा वीर कसला?" हात पुसून ते बैलांच्या दमणीत बसून गेले. ठरत आलेली सोयरीक तिथे अडली.

मोठेबाबांनी आमच्या घराण्याच्या भाटाला बोलावले. हा भाट दोन-चार वर्षांनी येई, ओसरीत बसून आमच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवी आणि ज्वारी घेऊन जाई. गुटगुटीत, गोड गळ्याचा माणूस होता. "अडगावले जा, आजूबाजूची गावं पाह्य, म्हाताऱ्याईले विचार. गोंदाजी कुठी पडला ते काढून आन," असे सांगून त्याला पाठवले. तो गेला तेव्हा वेचणी सुरू होती, परत आला तेव्हा कापूस घरात आला होता.

ओसरीला लागून असलेल्या खोलीत कापसाची गंजी असे. तिच्यात उड्या मारायची आम्हाला बंदी होती, म्हणून मी दुपारी एकटी जाऊन तिच्यात पडून राहत असे. त्या दिवशी चरकीवाल्या बायका जेवायला गेल्या होत्या, घर शांत होते, आणि दाराबाहेर भाटाचा आवाज आला.

"पाटील, मानूस सापडला. पन तुमाले पायजे तसा नाई सापडला."

"म्हंजे?"

"रनात नाई पडला जी. तोफा सुरू झाल्या तशी त्याची तुकडी फुटली. हा डोंगराच्या कडेकडेनं पळाला, तो शेंदूरजनाघाटाले जाऊन थांबला. तिथं एका माळ्याच्या मळ्यात कामाले राह्यला, माळ्यातच मिसळला. घर केलं. तीन पोरं हायेत. मी त्याईच्या घरी जेवून आलो."

"अन् तो?"

"दोन वर्सं झाले, गेला. खाटेवर, पोराईच्या मांडीवर. मरेपरेंत सांगे म्हने, वलगावले माहं घर हाये, मांगच्या दारी चिंच हाये."

चिंच अजून होती. मी कापसात तोंड दाबून पडले होते, शिंक येऊ नये म्हणून. मोठेबाबांनी पानदान उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारले, "हे कोनाले सांगतलं?"

"कोनाले नाई."

"मंग आता ऐक. तो रनात पडला. कसा पडला ते तू बसव."

भाटाने जराही आढेवेढे घेतले नाहीत. वरणात चिंच घालू की आमसूल, असे आचाऱ्याने विचारावे तसे त्याने विचारले, "घोड्यावर का पायी?"

"घोड्यावर," मोठेबाबा म्हणाले.

आमच्या घराण्याचा वीर असा त्या ओसरीत दोन पानांच्या विड्यांमध्ये जन्माला आला, आणि मी त्याच्या जन्माच्या वेळी भिंतीपलीकडे होते.

मी सरळ विहिरीवर गेले. राहीमाय वांग्यांत खुरपत होती. मी म्हणाले, "राहीमाय, गोंदाजी आजा सापडला."

खुरपे थांबले नाही. "मेला म्हनतात का?"

"हो. पन दोनच वर्सं झाले. खाटेवर मेला. तो लढाईतून पळाला होता." आणि ऐकलेले सारे मी तिला सांगून टाकले.

तिने खुरपे मातीत खोचले, हात झटकले आणि मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्याच्या दगडावर येऊन बसली. "बायको केली होती?" मी मान हलवली. "लेकरं?" तीन पोरे, मी म्हणाले. "काय पिकवे?" मी म्हणाले, मळा आहे म्हणतात, भाजीपाल्याचा, वांगी, मिरच्या, केळी.

"वांगे," ती म्हणाली. "इथं असतांनी वांगं खात नव्हता मेला." आणि ती हसली. मला तिच्या हसण्याचा राग आला. मी विचारले, "तुले त्याचा राग नाई येत?"

"येते ना वं. काहून नाई येनार? पन तो माहा राग हाये. गावाले कायले दाखवू?" मग तिने बोटांवर काही मोजल्यासारखे केले आणि म्हणाली, "म्हंजे दोनच वर्सं खोटं लावलं मी. बाकी सारं खरं होतं."

हे वाक्य मी इतकी वर्षे जपून ठेवले आहे. नवरा परत आला असता तरी तिच्या तोंडावर एवढे समाधान दिसले नसते. साऱ्या गावाने तिला खुळी ठरवले होते, आणि खुळे गाव होते. तिने एकेक बांगडी थारोळ्याच्या दगडावर हलकेच आपटली. काचेचे तुकडे गोळा करून एका वांग्याच्या बुडाशी पुरले. पदराचे टोक भिजवून कपाळ पुसले. "त्याचं जे करायचं ते मी केलं," ती म्हणाली. "आता कोनी काई करू नोका." आणि पुन्हा खुरपायला बसली.

पण मोठेबाबांचे सारे ठरले होते. अमरावतीच्या सोनाराकडे टाक घडायला गेला होता. पेढी नदीवर पळसाचा पुतळा जाळायचा, राहीमायचा चुडा उतरवायचा, मग वीराचा टाक देव्हाऱ्यात बसवायचा, आणि हे सारे पातूरच्या मंडळींनी डोळ्यांनी पाहायचे, असा बेत होता. संध्याकाळी त्यांनी राहीमायचे मोकळे हात पाहिले आणि ते जागच्या जागी बसले. "कोनं सांगतलं तुले?" त्यांनी विचारले. तिने माझे नाव घेतले नाही. "मले समजलं," एवढेच म्हणाली.

ज्या दिवशी पातूरच्या दमण्या यायच्या त्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी कासाराला बोलावून घेतले. राहीमायला पुन्हा चुडा भरायचा होता, दुपारी पाहुण्यांसमोर फोडता यावा म्हणून. पाहुण्यांनी आधी चुडा पाहिलेला, आता मोकळे हात दिसले तर कधी फोडला, कोणापुढे, असे शंभर प्रश्न निघतील, असे ते म्हणाले. घरातले सारे ओसरीत उभे होते. माझे वडील खाली पाहत होते. मोठेबाबा राहीमायसमोर चक्क हात जोडून म्हणाले, "अनसीचं लगन याच्यावर हाये, राहीमाय. पोरगी घरात राह्यली तं तिचं तोंड तुलेच पाहा लागन." अनसूया दाराच्या चौकटीला टेकून होती, डोळे सुजलेले. राहीमायने तिला पाळण्यातून उचलून वाढवले होते. राहीमायने एकदा तिच्याकडे पाहिले आणि कासारापुढे हात केले. "भर बावा," ती म्हणाली.

म्हातारा कासार खाली मान घालून बांगड्या चढवत होता. तिची हाडे वर आलेली, कातडी बांगडीमागे सरकत होती, एक-दोन बांगड्या फुटून रक्त आले. शेवटची बांगडी चढली, रिवाजाप्रमाणे तिने त्याला वाकून नमस्कार केला, आणि जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेले, "अखंड सौभाग्यवती व्हा." मग त्याला कळले आपण काय बोललो ते. त्याने बांगड्यांची माळ तशीच खांद्यावर टाकली आणि मोबदला न घेता निघून गेला. आमच्या साऱ्या घराण्यात त्या दिवशी लाज वाटलेला माणूस तो एकटा, आणि तो आमच्या घराण्यातला नव्हता.

नदीवर पुतळा ठेवला, पळसाच्या पानांचे अंग आणि नारळाचे डोके. भाटाने गोड गळ्याने गोंदाजींचा घोडा तोफांवर घातला, सात जखमा अंगावर घेतल्या आणि त्यांना जमिनीवर पाडले. बायका रडल्या. माझी आईही रडली, तिला खरे काय ते ठाऊक नव्हते. पातूरच्या चुलत्यांचा चेहरा आता मऊ झाला होता. ते राहीमायजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "आजीबाई, आपल्याला त्यांचं काही आठवतं का?"

मोठेबाबांचा रंग उतरला. आता तिने एक वाक्य बोलायचे होते आणि अनसूयेचे लग्न, चांदीचा घोडा, सारेच पेढीत वाहून जाणार होते. मी मनात म्हणत होते, बोल, राहीमाय, बोल. तिने मान वर केली. "जगला असता तं वांगे लावले असते त्यानं," ती म्हणाली. "तीन पोरं झाले असते. खाटेवर मेला असता."

चुलत्यांनी डोळ्यांना उपरण्याचे टोक लावले. "केवढा हा त्याग," ते म्हणाले. गावातल्या एका विधवेने दगड उचलला आणि सकाळचा चुडा फोडला.

लग्न थाटात झाले. पातूरच्या मांडवात तूप वाहत होते, तोफांचे बार काढले होते. पण वलगावात दुसरेच सुरू झाले. गोंदाजी अडगावात पडले हे एकदा सर्वांनी मानले, म्हणजे राहीमाय तेव्हापासून विधवा होती हेही मानावे लागले. मग जिच्या जिच्या घरात काही वाईट झाले होते तिला तिला आठवले की आपल्या लग्नात पहिले कुंकू हिच्या हातचे. कोणाचे मूल गेले होते, कोणाचा नवरा. शेजारची बाई आमच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "विधवेचा हात लागला आमच्या पोरीले, साठ वर्सं गाव बाटवलं हिनं." माझे मोठेबाबा ओसरीत बसून पान खात होते. एका शब्दाने ते तिला वाचवू शकले असते. तोच शब्द त्यांच्याकडे नव्हता. राहीमाय ते ऐकून आत गेली आणि त्यानंतर फाटकाबाहेर आली नाही. त्याच उन्हाळ्यात ती गेली. वाफे वाळून गेले, पाणी द्यायला कोणी राहिले नाही.

परमुलखातली लढाई थांबली, कापसाचा भाव कोसळला, शेंब्या उतरल्या, तूप गेले. घोडा मात्र राहिला. माझे लग्न झाले आणि दोन पावसाळ्यांत मी विधवा होऊन परत आले, अजून पुरती वाढलेही नव्हते. एका चांगल्या घरातून पाटाचे विचारणे आले होते. माणूस मी पाहिला होता, मला तो पसंत होता, हे आज लिहायला लाज वाटत नाही. मोठेबाबा म्हणाले, वीराच्या घरात पाट लागत नाही. राहीमायने पाट नाकारला तो आपल्या मनाने. मला नाकारला तो चांदीच्या घोड्याने. मी या घरात रांधले, दळले, दुसऱ्यांची पोरे वाढवली, आणि म्हातारी झाले.

मोठेबाबा गेल्यावर काही वर्षांनी मागच्या दाराशी एक पिकल्या केसांचा माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपली होती. चिंचेकडे बराच वेळ पाहून त्याने विचारले, "गोंदाजीचं घर हेच का जी?" माझा चुलतभाऊ म्हणाला, "आमचे गोंदाजी रणात पडले. तुमचा दुसरा कोणी असंन."  मी त्याला पाणी दिले. पाणी पिताना त्याने मान जराशी उजवीकडे कलती केली, अगदी माझे आजोबा करत तशी. टोपली उंबऱ्यावर ठेवून तो निघून गेला. टोपलीत वांगी होती. चुलतभावाने ती गड्यांना देऊन टाकली.

देव घासायचे काम घरात माझ्याकडे आहे. आमचे जुने टाक पातळ पत्र्याचे होते, गरिबीत केलेले. रोज चिंच लावून घासता घासता ते कोरे झाले आहेत, कोण आजोबा आणि कोण पणजी, काही कळत नाही, आणि मला ते बरे वाटते. गोंदाजींचा टाक मी सर्वांत शेवटी घेते आणि सर्वांत जास्त वेळ घासते. पोरे म्हणतात, आजीची वीरावर फार भक्ती आहे. पण चांदी त्या वर्षांतली आहे, कापसाच्या पैशाची, भरपूर जाड. सारा जन्म घासते आहे, अजून घोड्याचे कानसुद्धा झिजलेले नाहीत.